सपाट कापड, गोल माणूस

कापड सपाट असतं आणि माणूस नसतो. शिवणकामाची सगळी भानगड इथून सुरू होते. टेबलावर पसरलेल्या कापडाकडे बघताना ती जाणवत नाही. तेच कापड मधोमध भोक पाडून डोक्यातून घातलं की लगेच जाणवते. खांद्यावर ते ठीक बसतं, छातीवर ताणतं, छातीखाली अधांतरी लोंबकळतं, काखेत नको तेवढं गोळा होतं आणि पाठीला बाक असेल तर मागून वर चढतं. आता याला कुठे कापायचं, कुठे टक्स (कापड अंगाला बसावं म्हणून शिवलेल्या पाचरीसारख्या घड्या) घालायचे, कुठे चुण्या द्यायच्या आणि कुठे त्याच्या नादी न लागता सोडून द्यायचं, हे ठरवत बसणं हा माझा छंद.

प्रत्यक्ष टीप मारण्याचा वाटा यात किती, याचा एकदा मी हिशेब मांडला. साध्या ड्रेसच्या सगळ्या शिवणी, दुमडी, गळ्याची पट्टी, खिसे धरून २० मीटर टीप होते असं समजू. २.५ मिलिमीटरचा टाका धरला तर झाले ८,००० टाके. घरगुती मशीन मिनिटाला ६००-७०० टाके विनातक्रार घालतं. म्हणजे हे जेमतेम १२-१३ मिनिटांचं काम! आणि तरी ड्रेस आठवडेच्या आठवडे खुर्चीच्या पाठीवर पडून असतो. बाकीचा वेळ जातो कापड भिजवून वाळवण्यात, इस्त्री करण्यात, आखण्यात, टाचण्या लावण्यात, कच्चे टाके घालण्यात, आरशासमोर मान मोडेपर्यंत वळून स्वतःची पाठ बघण्यात, आणि उसवण्यात. उसवण्यात तर फारच.

कापड भिजवायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, मलाही येतो. पण विणताना धागे ताणून बसवलेले असतात, आणि पहिल्या धुण्यात ते आपल्या मूळ लांबीवर यायला बघतात. सुती कापड त्यात ३-४ टक्के सहज आटतं. गुडघ्याखाली येणारा ड्रेस मग गुडघ्यावर जातो, आणि कंबर बरगड्यांकडे सरकते. त्यापेक्षा एक बादली पाणी बरं.

शिवणयंत्राची गोष्ट सगळे रंगवून सांगतात, आणि ती आहेही रंगतदार. बार्थेलेमी तिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्याने १८३० मध्ये शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, ८० यंत्रं लावून सैनिकांचे गणवेश शिवायला सुरुवात केली, आणि पुढच्याच वर्षी पोटावर पाय येणार म्हणून बिथरलेल्या शिंप्यांनी कारखान्यात घुसून त्यांचा चुराडा केला. १८४६ मध्ये अमेरिकेत इलायस हाउने पेटंट घेतलेल्या यंत्रात सुईचं नेढं टोकाशी आलं आणि वरचा-खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकू लागले. माझं मशीन आजही तेच करतं. पण घरी शिवणाऱ्या बाईला विचाराल तर खरी उलथापालथ केली ती कागदाने. १८६३ मध्ये एबेनेझर बटरिकने लहान-मोठ्या मापांत वाढवलेले-घटवलेले कागदी पॅटर्न विकायला काढले. त्याआधी मासिकांतून मिळणारे नमुने एकाच मापाचे असत, आणि ते आपल्या अंगाला कसे आणायचे हे ज्याने त्याने आपल्या अकलेने बघायचं. मापाचा कागद हाती आला आणि तोवर शिंप्याच्या डोक्यात असलेली विद्या घरच्या टेबलावर पसरता येऊ लागली.

अर्थात कागदाला आपण माहीत नसतो. छाती ९० सेंटीमीटर, म्हणजे काय? रुंद पाठ आणि सपाट छाती मिळून ९० होतात, अरुंद पाठ आणि भरलेली छाती मिळूनही ९०च. टेपला हा फरक कळत नाही, ड्रेसला कळतो. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा जरा उतरता असतो. उभ्याने घेतलेलं सीटचं माप बसल्यावर काही सेंटीमीटरने वाढतं, आणि आपण दिवसातला बराच वेळ बसलेलो असतो हे माप घेताना कुणाच्या लक्षात येत नाही. तयार कपड्यांच्या दुकानात, त्या ट्रायल रूमच्या आरशासमोर, आपल्याच अंगाची जी लाज वाटते तिचं मूळ इथे आहे. तो कपडा एका सरासरी बाईसाठी बेतलेला असतो, आणि ती बाई आजवर कुणी पाहिलेली नाही. शिवायला लागल्यापासून मी पोटाला बोल लावत नाही, पुढच्या तुकड्याला लावते. तुकडा बदलता येतो.

तो बदलण्यासाठी आधी मांजरपाटावर शिवून बघायचं. कोरं, खळीचं, रंगाढंगाशिवायचं कापड, त्यावर पेनने सरळ रेघा मारायच्या, छातीची रेघ, कमरेची रेघ, उभ्या धाग्याची रेघ, आणि लांब टाक्यांनी भराभर जोडून अंगावर चढवायचं. आता रेघा बोलतात. छातीची रेघ पुढे वर चढलेली असेल तर समोर लांबी कमी पडते आहे. बगलेपासून छातीकडे तिरकी सुरकुती येत असेल तर ती जिकडे बोट दाखवते तिथे कापड हवं आहे. पाठीवर कमरेच्या वर आडवी वळी पडत असेल तर तिथे लांबी जास्त झाली, चिमटीत धरून टाचणी लावायची. हे सगळं एकटीने करणं म्हणजे सर्कस आहे. पाठीवरची टाचणी लावायला हात मागे नेला की पाठ बदलते, आणि मग टाचणी भलत्याच माणसाच्या मापाची लागते. घरातल्या कुणाला तरी हाताशी धरावंच लागतं, आणि मग 'अजून किती वेळ?' हे ऐकून घ्यावं लागतं.

शिवणाऱ्याचा हात कसा आहे ते बघायचं असेल तर मी गळा बघत नाही, भरतकाम बघत नाही. मुंढा बघते, म्हणजे बाही जिथे जोडतात ते भोक. बाहीच्या वरच्या गोलाईची लांबी मुंढ्याच्या घेरापेक्षा मुद्दामच २-३ सेंटीमीटर जास्त ठेवलेली असते. म्हणजे मोठी वस्तू लहान भोकात बसवायची, आणि तीही एकसुद्धा चुणी न दिसता. त्यासाठी गोलाईच्या कडेने लांब टाक्यांचे दोन धावदोरे शेजारी शेजारी घालायचे आणि त्यांची टोकं हलक्या हाताने ओढायची. कड आक्रसते, आत वळते, आणि एवढा वेळ निमूट पडलेल्या सपाट तुकड्याला फुगवटा येतो. हा फुगवटा खांद्याच्या हाडासाठी. मग ड्रेस उलटा करून, सुलटी बाही त्याच्या मुंढ्यातून आत घालायची. एक टाचणी खांद्याच्या शिवणीशी, एक काखेत, पुढच्या आणि मागच्या खुणांना एकेक. राहिलेलं जास्तीचं कापड बोटाच्या पेराने कणाकणाने दोन्हीकडे सरकवत टाचण्यांची रांग लावत जायचं. जास्तीचं सगळं वरच्या अर्ध्या भागात मुरलं पाहिजे, काखेकडे जाता कामा नये. काखेत मुरवलं तर तिथे बोचकं होतं.

इथे प्रत्येक कापडाचा स्वभाव कळतो. लोकरीला वाफ दिली की ती समजूतदारपणे आक्रसते आणि जागच्या जागी बसते. सुती कापड थोडा हट्ट करतं, पण ऐकतं. पॉलिस्टर कशालाच दाद देत नाही. त्याच्यासाठी कागदावर गोलाईच कमी करून घ्यावी, उगाच मनगटं दुखवू नयेत. मशीनवर आल्यावर बाहीची बाजू वर ठेवायची की खाली यावर शिवणाऱ्यांत दोन तट आहेत. खाली ठेवली तर मशीनचे दाते जास्तीचं कापड आपसूक ओढून घेतात, वर ठेवली तर डोळ्यांदेखत सगळं दिसतं. मी वर ठेवते. दाते काय करताहेत ते दिसत नसेल तर मला चैन पडत नाही. आणि या दोन वीतभर वर्तुळांपुरती मोटर बंदच. चाक हाताने फिरवायचं, टाक्यामागून टाका.

मुंढ्याची आणखी एक गंमत आहे. हात मोकळा हलावा म्हणून नवशिके मुंढा खोल कापतात आणि होतं नेमकं उलटं. मुंढा जितका खाली, तितका हात वर करताच अख्खा ड्रेस कमरेतून वर खेचला जातो, कारण कपड्याचा सांधा शरीराच्या सांध्यापासून लांब गेलेला असतो. काखेच्या जवळ, उंच कापलेल्या मुंढ्यात हात निर्धास्त वर जातो. नाचणाऱ्यांचे पोशाख शिवताना मुंढा उंच ठेवून काखेत पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची एक कळी बसवतात. हात उचलला की ती उघडते, खाली आला की मिटून दिसेनाशी होते. बाहेरून बघणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही.

टक्स, चुण्या, कळ्या हे सगळे सपाट कापडाला गोल करायचे उपाय कापाकापीचे किंवा दुमडादुमडीचे. एक उपाय मात्र कापडाच्या विणीतच दडलेला असतो. सुती हातरुमाल उभ्या बाजूने ओढून बघा, ताणणार नाही. आडव्या बाजूने ओढा, जेमतेम. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. तो सपकन लांब होतो आणि तेवढाच अरुंद होतो. धागा एकही ताणलेला नसतो. उभ्या-आडव्या धाग्यांमधला कोन तेवढा बदललेला असतो, विणीतल्या बारक्या चौकोनांचे तिरपे चौकोन झालेले असतात. कापड असं ४५ अंशांत तिरकं धरून कापणं म्हणजे उरेब कापणं. गळ्याच्या वळणावर पट्टी उरेबच लागते. सरळ पट्टी तिथे दाताखालच्या खड्यासारखी टोचत राहते.

पट्टीपुरती असलेली ही युक्ती मादलेन व्हियोने या फ्रेंच ड्रेस डिझायनरने अख्ख्या ड्रेसला लावली. तिने १९१२ मध्ये पॅरिसमध्ये स्वतःची पेढी उघडली आणि १९२०च्या दशकात तिचे उरेब कापलेले ड्रेस गाजले. ती आधी एका छोट्या लाकडी बाहुलीवर कापड लपेटून, पिळून, सोडून बघायची आणि मग मोठ्या मापात न्यायची. तिरक्या कापणीला नेहमीचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, पुरेना म्हणून तिने जास्त पन्ह्याचं कापड खास विणून घेतलं. त्या ड्रेसचे फोटो बघताना माझी नजर शिवणी शोधत राहते आणि फसते. कापड छातीवर पसरतं, कमरेशी आपोआप निमुळतं होतं, पुढे पुन्हा पसरतं, आणि तेही जवळपास टक्स न घालता. असं कापड टेबलावर ठेवून नुसतं उचललं तरी त्याचा आकार बदलतो. उरेब शिवायला घेतलं की मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवते.

पूर्ण गोल घेराचा स्कर्ट करून बघितला तरी या गोष्टीची चव कळते. कमर ७० सेंटीमीटर असेल तर तिला ६.२८ ने भागायचं, आतल्या वर्तुळाची त्रिज्या ११ च्या आसपास येते. लांबी ६० हवी असेल तर बाहेरची त्रिज्या ७१, आणि खालचा घेर जवळजवळ साडेचार मीटर! एक टक्स नाही, एक चुणी नाही, कमरेशी सपाट आणि खाली लाटाच लाटा. पण या वर्तुळात दोन ठिकाणी उभा धागा खाली येतो, दोन ठिकाणी आडवा, आणि चार ठिकाणी उरेब. उरेबच्या चारही जागा आपल्याच वजनाने उतरत जातात. म्हणून शिवल्या शिवल्या खालची दुमड घालायची नाही. स्कर्ट एक-दोन दिवस टांगून ठेवायचा, मग अंगावर घालून जमिनीपासून पट्टीने खुणा करायच्या, खाली आलेलं कापून टाकायचं आणि मग दुमडायचं. थांबायचं म्हणजे नुसतं थांबायचं. घाईच्या लोकांना हे फार जड जातं.

धाग्यांच्या या कोनांनी एका थोर गणितज्ञालाही भुरळ घातली होती, हे मला कळलं तेव्हा मी दिवसभर खुशीत होते. पाफ्नुती चेबिशेव्ह हा रशियन, संभाव्यतेवरच्या आणि मूळ संख्यांवरच्या कामासाठी नावाजलेला. १८७८ मध्ये पॅरिसला जमलेल्या शास्त्रज्ञांपुढे तो बोलला तो कपडे बेतण्यावर. त्याची मांडणी अशी, की कापड म्हणजे न ताणणाऱ्या धाग्यांची जाळी. धाग्यांची लांबी ठरलेली, कोन मोकळे. मग अशा जाळीने एखादा वक्र आकार सुरकुती न पडता कसा मढवायचा? गोल चेंडू मढवायला तुकडे कोणत्या आकाराचे कापावेत, इथपर्यंत त्याने तो हिशेब नेला. अशा जाळीला गणितात आजही त्याचंच नाव आहे. त्याच्याही आधी, १८२७ मध्ये, गाउस या जर्मन गणितज्ञाच्या सिद्धान्ताने पक्कं झालं होतं की सपाट कागद ताणल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय गोलावर बसूच शकत नाही. जगाचा प्रत्येक सपाट नकाशा कुठे ना कुठे खोटं बोलतो तो यामुळेच. कापडाची जात कागदापेक्षा एक पायरी मोकळी, कारण त्याचे कोन हलतात. हे वाचण्याच्या कितीतरी आधीपासून माझ्या बोटांना ते माहीत होतं, पण गणितज्ञाने साक्ष दिली की बरं वाटतं.

नाटकाचा पोशाख म्हणजे वेगळंच प्रकरण. ड्रेस हातभर अंतरावरून बघितला जातो, पोशाख ३० फुटांवरून. (सेंटीमीटर आणि फूट मी एकाच दमात वापरते. शिवणाऱ्यांच्या टेपला दोन्ही बाजू असतात.) तेवढ्या अंतरावर बारीक भरतकाम पुसलं जातं आणि उरतो तो बाह्य आकार, रंगाचे मोठे पट्टे आणि चमक. निळ्या दिव्याखाली भडक लाल कापड काळं दिसतं, म्हणून कापड घेण्याआधी प्रकाशयोजना करणाऱ्याला विचारलेलं बरं. मखमलीची लव ज्या दिशेला असेल त्याप्रमाणे एकच रंग गडद किंवा फिका दिसतो, तेव्हा सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे, मग कापड कितीही वाया जावो. पुढची बटणं नुसती दाखवायची असतात. खरी उघडझाप पाठीवर, टिचबटणांनी किंवा चिकटपट्टीने (वेल्क्रोने). पण शांत प्रसंगात कपडे बदलायचे असतील तर चिकटपट्टी नको, तिचा चर्रर्र आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. आणि पाठीच्या मधल्या शिवणीत माया, म्हणजे आत राहणारं जादा कापड, भरपूर सोडायची. नट बदलतो, पोशाख तोच राहतो.

पोशाखाची अवस्थाही शिवावी लागते. भटक्याचा कोट नवाकोरा दिसून चालत नाही. सॉलिड नवं कापड आणायचं, नीट शिवायचं, आणि मग कोपरांवर, खिशांच्या तोंडाशी, कॉलरच्या घडीवर सँडपेपर घासायचा. खिशात दगड घालून तो ओला टांगायचा, म्हणजे खिसे ओघळतात. स्वतःच्या हाताने घातलेल्या सुबक टिपेवर सँडपेपर चालवताना जीव थोडा वरखाली होतो, हे खरं.

३० फुटांच्या या शास्त्राला लाजवेल असा एक पोशाख मात्र आहे. इंग्लिश अभिनेत्री एलन टेरी हिने १८८८ च्या डिसेंबरात लंडनच्या लायसियम थिएटरमध्ये शेक्सपिअरच्या नाटकातल्या लेडी मॅकबेथची भूमिका केली. त्यासाठी अॅलिस कॉमिन्स कार हिने कल्पना केली आणि एडा नेटलशिप हिने तयार केला तो हिरव्या लोकरीत निळसर जर मिसळून क्रोशाने विणलेला, सर्पाच्या कातीचा भास व्हावा असा पायघोळ झगा. त्यावर चमकत्या हिरव्या भुंगेऱ्यांचे सुमारे १,००० पंख शिवलेले. ते पंख भुंगेरे आपसूक टाकून देतात, त्यासाठी मारावे लागत नाहीत. चित्रकार जॉन सिंगर सार्जंटने त्या वेषात तिचं चित्र रंगवलं. तो झगा टिकला, २०११ मध्ये त्याची दुरुस्ती पुरी झाली, आणि केंटमधल्या तिच्या राहत्या घरात तो बघायला मिळतो. मला त्यातलं काय आवडतं सांगू? शेवटच्या रांगेतल्या माणसाला पंख दिसत नव्हते, त्याला फक्त तिच्या हालचालीबरोबर काहीतरी लकाकताना दिसत होतं. ती लकाकी कुणीतरी एकेक पंख धरून सुईने टाचलेली होती.

एवढं ऐकून घेतलं की लोक हमखास विचारतात, "मग विकत का नाहीस?" प्रेमाने विचारतात, त्यामुळे चिडता येत नाही. शिंप्याला गिऱ्हाइकाने दिलेल्या तारखेला बाही बसवावीच लागते, आणि ती बसतेही, कारण त्याने हजारो बसवलेल्या असतात. मला त्या हाताबद्दल आदर आहे आणि तो हात मला कधी येणार नाही हेही ठाऊक आहे. माझ्यापाशी त्याच्याकडे नसलेली एकच चीज आहे, वेळ वाया घालवायची मुभा. मी एकच मुंढा तीन प्रकारांनी कापून तिन्ही फेकून देऊ शकते. स्कर्ट टांगून विसरून जाऊ शकते. ज्या दिवशी पैसे घेईन त्या दिवशी यातलं काहीच करता येणार नाही, आणि मग उरेल ती ती १२-१३ मिनिटांची टीप.

"स्वस्त तरी पडतं का?" हा पुढचा प्रश्न. नाही पडत. कापड, अस्तर, दोरा, चेन, मांजरपाट, आणि मोजलाच तर वेळ. तयार कपडा याहून कितीतरी स्वस्त मिळतो, आणि तो इतका स्वस्त का याचा विचार शिवायला लागल्यावर सुटत नाही. कारण तो कपडाही यंत्रातून आपोआप बाहेर पडलेला नसतो. लुळं, निसटतं कापड पकडून सुईखाली वळवत नेणं यंत्रांना अजून फारसं साधलेलं नाही, त्यामुळे साध्या टी-शर्टची प्रत्येक शिवणही कुणातरी माणसाच्या बोटांखालून गेलेली असते. दुकानात मी हल्ली कपडे उलटे करून बघते. एखाद्या बाहीत काखेची टीप किंचित सरकलेली दिसते, तिथे कुणीतरी उलट टाका घेऊन सावरून घेतलेलं असतं. विक्रेते माझ्याकडे संशयाने बघतात.

सध्या टेबलावर घुबड आहे. भाचीच्या नाटकासाठी. तिची मागणी थोडक्यात होती, "मावशी, मला हात पसरले की उडाल्यासारखं दिसलं पाहिजे, आणि बसता पण आलं पाहिजे." दुसरी अट मोठी माणसं घालायला विसरतात. अर्धगोल झूल बेतली, मनगटाशी फासे लावले, हात पसरले की पंख. पिसांना सगळी जुनी कातरण काढली. तपकिरी, मातकट, राखी, मधेच एखादा विटका केशरी. पानाच्या आकाराचे तुकडे कापून खालच्या रांगेपासून वर चढत जायचं, कौलं चढवतात तसं, म्हणजे वरची रांग खालच्या रांगेची शिवण झाकते. कडा मुद्दाम बांधल्या नाहीत. विणलेल्या कापडाची कड उसवत गेली की तिला लव फुटते, आणि दिव्यात ती खऱ्या पिसासारखी दिसते. नमद्याला (फेल्टला) तसं होत नाही, तो विणलेलाच नसतो.

एक पीस हातात घेतलं तर काहीच वजन नाही, पण अशा रांगांवर रांगा चढल्या की झूल चांगलीच जड होते आणि गळ्याला ओढते. पोरीला गळफास नको. म्हणून आतून खांद्यांवर बसणारा एक छोटा बिनबाह्यांचा जाकीट शिवला आणि झुलीचं सगळं ओझं त्याच्या खांद्यांच्या शिवणींवर टांगलं. गळ्याशी आता फक्त एक टिचबटण आहे, तेही शोभेपुरतं. जाकिटाचा मुंढा अर्थातच उंच ठेवला आहे. तिने घालून घरभर उडून दाखवलं, सोफ्यावर बसून दाखवलं, पाणी पिऊन दाखवलं. पास.

अडलं आहे ते डोक्याशी. सहा कळ्यांची टोपी शिवली की होते ती टोपीच. सहा शिवणी शेंड्याला मिळतात आणि घुबडाऐवजी घोडेस्वार दिसतो. घुबडाचं डोकं सलग गोल असतं, त्याला शेंडा नसतो. म्हणून चेबिशेव्हच्या नादाला लागून एक रबरी चेंडू डोक्याच्या मापाइतका फुगवून घेतला आहे आणि सैल विणीच्या लोकरी कापडाचे दोनच तुकडे त्यावर बसतात का ते बघते आहे. मध्यापासून सुरुवात केली, चारही उरेब दिशांनी ओढत गेलं, वाफ दिली, तर अर्ध्यापर्यंत कापड सुरेख बसतं. पुढे कोन मिटत जातात, धागे एकमेकांना येऊन भिडतात आणि मग एक बारीक सुरकुती हट्टाने उभी राहते. तिला डावीकडे ढकललं की उजवीकडे उगवते.

भाची रोज येऊन चेंडूकडे बघते आणि "हे घुबड कधी होणार?" म्हणून विचारते. नाटक महिनाअखेरीला आहे. तोवर दोन तुकड्यांत जमलं नाही तर सहा कळ्यांच्या टोपीवर पिसं चढवीन, शिवणी झाकल्या जातील आणि प्रेक्षकांतून कुणाला कळायचंही नाही. चेंडूवरच्या टाचण्या मात्र मी इतक्यात काढणार नाहीये.